तुकारामाला चार मार्क

बेळगावच्या एका वाचकांचं पत्र आहे. वय ५२, स्वतःचं छोटं दुकान. गेली सात वर्षं सहा जण दर शनिवारी रात्री वडगावातल्या एका मित्राच्या बंद पडलेल्या मागाच्या खोलीत जमतात, प्रोजेक्टरवरून भिंतीवर सिनेमा लावतात, गिरमिट खातात आणि मध्यरात्रीपर्यंत भांडून दहापैकी मार्क देतात. मार्कांची वही यांच्याकडे असते. वहीच्या मागच्या पानांवर दिग्दर्शकांची यादी, त्यांनाही मार्क. दोन वर्षांपूर्वी यांनी भाच्याला गटात आणलं. तो २४ वर्षांचा, उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत शिफ्टला जातो. पावसात एका शनिवारी लाइट गेली, तेव्हा 'संत तुकाराम' ज्यानं त्यानं घरी बघून यायचं ठरलं. पुढच्या शनिवारी भाच्यानं त्याला चार दिले. "मामा, त्यात काय हालतच नाही," म्हणाला. याच पोरानं 'कांतारा'ला नऊ दिले होते. मामांचा पारा चढला. "शांतारामबापूंच्या सिनेमाला चार आणि कानडी पिक्चरला नऊ? तुला मराठी कळंना झालंय. तू तिकडलाच हो की आता!" भाचा उठून गेला, तो तीन शनिवार आलेला नाही. बहीणही फोनवर तुटक बोलते. गटातल्या दोघांचं म्हणणं, सीमाभागात राहून तुकोबाला चार देणारा आपल्यात नकोच. तिसरा म्हणतो, वहीच बंबात घाला. वाचक विचारतात, "नव्या पोरांना जुन्या सिनेमाची किंमत कशी पटवायची? आणि ताई, मी चुकलो का?"

दादा, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, ते सोपं आहे. हो, चुकलात. चार मार्कांवर चिडलात ते ठीक. सिनेमावर जीव लावणारा माणूस एवढंही चिडणार नसेल तर शनिवारची झोप मोडावी कशाला? पण "तू तिकडलाच हो" हे सिनेमाबद्दलचं वाक्य नव्हे. आपल्या भागात ते किती खोल लागतं हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता पहिला प्रश्न. तो मला तितकासा पटलेला नाही, म्हणून जरा उलटी विचारपूस करते.

'संत तुकाराम' शांतारामबापूंचा नाही. १९३६चा हा सिनेमा प्रभातचा खरा, पण दिग्दर्शक विष्णुपंत दामले आणि फत्तेलाल. दोघेही बाबूराव पेंटरांच्या हाताखाली कोल्हापुरात तयार झालेले. दामल्यांचा हात ध्वनीत, फत्तेलालांचा नेपथ्यात. फत्तेलाल, ज्यांना सगळे साहेबमामा म्हणत, ते कागलचे. म्हणजे निपाणी ओलांडली की लागतं ते कागल. तुम्ही वहीच्या मागच्या पानाचा फोटो पाठवलात, त्यात शांतारामबापूंना साडेनऊ आहेत आणि या दोघांचं नाव कुठंच नाही. दहापैकी दहा मिळालेला सिनेमा ज्यांनी केला ते यादीतच नाहीत! लाजू नका, ही चूक फार लोक करतात. गंमत अशी, की दुसऱ्याचे अभंग आपल्या नावावर खपवणारा साळोमालो त्याच सिनेमात आहे. बापूंनी असलं काही केलं नव्हतं. त्यांच्यासाठी ते काम आपण प्रेक्षकांनी केलं. उलट बाजूनंही असंच झालंय. त्यातलं 'आधी बीज एकले' गीतकार शांताराम आठवल्यांनी सिनेमासाठी लिहिलं, आणि माणसं ते तुकोबांचाच अभंग म्हणून टाळ घेऊन म्हणतात.

हे तुम्हाला खजील करायला लिहीत नाही. भाच्याला तुम्ही "काही माहीत नसताना मार्क देतोस" असंही बोललात, असं पत्रात आहे, म्हणून लिहिलं.

पत्रातला मला सगळ्यात आवडलेला भाग तुम्ही कंसात टाकलाय. लहानपणी गल्लीतल्या गणपतीत पडदा ताणला होता, पुढं जागा नव्हती म्हणून आज्जी तुम्हाला घेऊन पडद्याच्या मागच्या बाजूला बसली, नावं उलटी दिसत होती, वाऱ्यानं पडदा फुगला की तुकोबांचं पोट सुटल्यासारखं दिसायचं आणि सगळी पोरं हसायची. शेवटी आज्जीनं पडद्याला हात जोडले, तुमचेही जोडायला लावले. (म्हणजे दिग्दर्शकांची नावं तुम्हाला तेव्हाही उलटीच दिसली असणार!) त्यानंतर हा सिनेमा पुन्हा कधी बघितलात? त्या पावसाच्या आठवड्यात तरी? पत्रात लिहिलंय, "मला बघायची गरज नाही, पाठ आहे." तेव्हा तुमचे दहा कुणाला, असं विचारलं तर राग धरू नका. मला तर वाटतं निम्मे आज्जीला आहेत. द्या की! फक्त ते दामले-फत्तेलालांच्या खात्यात मांडून दुसऱ्यानंही तेवढेच द्यावेत असा हट्ट धरू नका. त्याला ती आज्जी मिळालेली नाही.

आणि भाच्याचे चार? त्यानं सिनेमा मोबाइलवर बघितला, फाउंड्रीत जेवणाच्या सुट्टीत, वीस-वीस मिनिटं करून, असं तुम्हीच लिहिलंय. भट्टीच्या आवाजात, एका कानात इअरफोन घालून. जुना सिनेमा अशा वेळी फार मार खातो. आजच्या सिनेमात दर दोन मिनिटांनी काहीतरी आदळतं, त्यामुळे तो तुकडे करून बघितला तरी चालतो. पागनीसांचा तुकोबा गायला लागला की मात्र चेहऱ्याकडे बघत बसावं लागतं, आणि तळहाताएवढ्या पडद्यावर तो चेहरा केवढा दिसणार? उलट 'कांतारा' त्यानं थिएटरात बघितला. शिट्ट्या, आरडाओरडा, शेवटच्या वीस मिनिटांत अख्खं थिएटर उभं. आणि तुम्ही? घरी टीव्हीवर, जेवता जेवता, मध्यंतरापर्यंत. त्याला तीन दिलेत.

म्हणजे या चारही आकड्यांमागं सिनेमा कुठं, कसा आणि कुणाबरोबर बघितला हेच जास्त आहे. वहीत तेवढा रकाना नाही. तो आजच आखा. सिनेमाचं नाव, त्यापुढं 'कुठं, कशावर, कुणाबरोबर, पुरा की अर्धा', मग मार्क. अर्ध्यावर सोडलेल्या सिनेमाला मार्क द्यायचे नाहीत, हा नियम करा आणि पहिल्यांदा तो स्वतःला लावा. 'कांतारा'चे तीन खोडावे लागतील.

त्या तिनापुढं तुम्ही शेरा लिहिलाय, "अंधश्रद्धेचा तमाशा." इथं मला थांबावंसं वाटलं. 'संत तुकारामा'त इंद्रायणीत गेलेल्या वह्या परत येतात. शत्रूचे सैनिक शिवाजी महाराजांना धरायला येतात तेव्हा विठ्ठल इतके शिवाजी उभे करतो की त्यांना खरा कुठला तेच कळत नाही. शेवटी तर विमानच येतं. तिथं तुमचे हात जुळतात. आणि करावळीच्या, म्हणजे कर्नाटकाच्या किनारपट्टीच्या, जंगलातल्या माणसाच्या अंगात दैव आलं की तो तमाशा? दोन्ही सिनेमे देवाला पडद्यावर आणतात, दोन्हींत गरीब माणूस आणि गावातला जबर माणूस समोरासमोर आहेत. त्यात एक १९३६चा, दुसरा २०२२चा. भाच्याला हे साम्य दाखवलं असतंत तर तुमची ती रात्र जन्मभर लक्षात राहिली असती. दोन्हींमध्ये देव वेगवेगळ्या पद्धतीनं येतो. एकीकडे इतका सहज येतो की चमत्कार झाल्याचं नंतर लक्षात यावं, दुसरीकडे अंगावर काटा आणत. कुठली पद्धत जास्त पोचते, यावर भांडायला मी स्वतः वडगावला आले असते.

हां, भाच्याच्या "हालत नाही"वर माझंही मत सांगून टाकते. ते मला मान्य नाही. मुलगा आजारी पडतो, तेव्हा जिजाई त्याला हाताला धरून फरफटत देवळात नेते आणि हातात वहाण घेऊन विठ्ठलाला जाब विचारते, ते दृश्य आठवा. खानापुरात लहानपणी मी हा सिनेमा बघितला तो तुकोबांसाठी. पन्नाशीत पुन्हा बघितला तेव्हा मी जिजाईवरून नजर काढू शकले नाही. गौरी या नटीनं ती जिजाई केलीय. नवरा देवाचा, आणि घरात पीठ नाही, हे सगळं तिच्या चालण्यात आहे. पदर खोचून ती जशी तरातरा जाते तशा बायका आपल्या शनिवारच्या बाजारात आजही दिसतात. हे हालणं नाही तर काय? पण हे त्याला चारचौघांत खेकसून कळणार नाही. एवढं एकच दृश्य, पाच-सात मिनिटांचं, भिंतीवर मोठं करून लावा. आधी काही बोलू नका. नंतरही तो चारच म्हणाला तर चारच लिहा.

भाषेचं बोलते. मला कळतं, तुमचा राग तिथून आला. आपल्याकडे पाटीवरच्या अक्षरांवरून माणसं रस्त्यावर येतात. अशा गावात "कानडीला नऊ, मराठीला चार" हे आकडे मार्क राहत नाहीत, मतदान होऊन बसतात. गटातल्या त्या दोघांना तर ते गद्दारीच वाटलं. त्यांना माझ्या वतीनं एवढंच विचारा, की मराठी सिनेमातून कानडी मुलूख वजा करून किती उरतो ते मोजलंय का? 'माणूस' १९३९चा, तुमच्या वहीत त्याला नऊ आहेत. त्यातली मैना म्हणजे शांता हुबळीकर, हुबळीजवळच्या अदरगुंचीच्या. 'उंबरठा'त स्मिता पाटीलचा नवरा कोण झालाय? धारवाडात शिकलेले गिरीश कार्नाड, ज्यांची नाटकं कानडीत आहेत. सुलोचनाबाई चिकोडी तालुक्यातल्या खडकलाटच्या. भालजींच्या तालमीत कोल्हापुरात घडल्या आणि साऱ्या महाराष्ट्राच्या आई-वहिनी झाल्या. आणि तुकोबाच म्हणाल तर कानडीतही १९६३ साली 'संत तुकाराम' आलाय, तुकाराम झालेत राजकुमार. तेव्हा तुकोबाला चार दिले म्हणून पोरगा तिकडचा झाला म्हणता, तर 'तिकडं' तुकोबा आधीच जाऊन बसलेत!

उलट मला तुमच्या वहीत दुसरंच खटकलं. बाजारात, बँकेत, बसमध्ये तुम्ही सगळे सराईत कानडी बोलता, आणि सात वर्षांच्या वहीत जुना कानडी सिनेमा एकही नाही. गिरीश कासारवळ्ळींच्या चार सिनेमांना राष्ट्रीय पातळीवर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळालंय. त्यातला पहिला 'घटश्राद्ध', १९७७चा. 'सैराट'ला नऊ देताना त्याचाच कानडी अवतार 'मनसु मल्लिगे' २०१७ साली आला, त्यातही रिंकू राजगुरूच होती, हेही कुणी नोंदवलेलं नाही. सबटायटल न लागता दोन भाषांतले सिनेमे कळतात, ही चैन पुण्या-मुंबईच्या सिनेमावेड्यांना नाही. आपल्याला आहे, आणि आपण ती भांडणात घालवतोय.

मार्क द्यावेत की नाही? वही बंबात घाला म्हणणाऱ्या मित्राची बाजू मला समजते, पण मी त्यांच्या बाजूची नाही. कॉलेजात असताना मीही अशी वही ठेवायची. १९८८ला 'अशी ही बनवाबनवी' आला तेव्हा मी त्याला चार दिले होते. त्या वर्षी मला 'उंबरठा' आणि 'सिंहासन' सोडून काहीच बघण्यासारखं वाटत नव्हतं, निदान मैत्रिणींना तसं सांगायला आवडायचं. आज आमच्या घरात कुणी आजारी पडलं की 'बनवाबनवी'च लागतो, आणि संवाद नटांच्या आधी आम्ही म्हणतो. 'पिंजरा'ला नऊ दिले होते. पुन्हा बघितला तेव्हा सहावर आले, गाणी सोडून. ती वही मी फाडली नाही. त्या चार आणि नवामध्ये तेव्हाची मी सापडते, जरा शिष्ट, जरा घाबरट. तुमची वहीही तशीच राहू दे. जुना मार्क खोडू नका, त्याच्या शेजारी नवी तारीख टाकून नवा मार्क लिहा. (अर्ध्या बघितलेल्यांचे सोडून.)

दिग्दर्शकांना मार्क देणं मात्र बंद करा, असं माझं स्पष्ट मत. शांतारामबापूंचे ते साडेनऊ कुठल्या बापूंना? 'माणूस' करणाऱ्या की ३३ वर्षांनी 'पिंजरा' करणाऱ्या? एकाच माणसाची दोन टोकं आहेत ती. नागराज मंजुळेंना तुम्ही साडेआठ दिलेत. त्यांच्या 'फँड्री'वर तुमच्या गटात तीन तास वाद झाला म्हणता, आणि त्या तीन तासांतलं वहीत काय उरलं? साडेआठ. मागची पानं मोकळी करा आणि तिथं दिग्दर्शकाच्या नावाखाली फक्त दृश्यं लिहा. जब्बार पटेल म्हटलं की कुणाला काय आठवतं, राजा परांजपे म्हटलं की काय. ती यादी पुढच्या पोराला वाचायला मजा येईल. आकड्यांच्या यादीत वाचण्यासारखं काही नसतं.

शनिवारच्या बैठकीसाठी एक रीत सुचवते. असे गट खानापूर-निपाणीपासून कुठंही असतील त्यांनाही चालेल. मार्क बोलून द्यायचेच नाहीत. सिनेमा संपला की प्रत्येकानं चिठ्ठीवर आकडा आणि एक दृश्य लिहून डब्यात टाकायचं, मग तोंड उघडायचं. आत्ता काय होत असणार ते मला दिसतंय. वही तुमच्या मांडीवर, पहिला आकडा तुमचा, आणि बाकीचे तुमच्या आगेमागे अर्ध्या मार्काच्या अंतरानं. भाच्यानं चार म्हटल्यावर एवढा भडका उडाला, कारण सात वर्षांत त्या खोलीत असा आकडा कुणी उच्चारलाच नव्हता. चर्चेला सुरुवात वयानं सगळ्यात लहान असेल त्यानं करायची. मोठ्यांनी शेवटी. तुम्हाला जड जाईल.

आता भाचा. फोन नको, व्हॉट्सअ‍ॅपवर तर नकोच. बहिणीच्या घरी जा, त्याची शिफ्ट नसेल त्या वेळी. चारचौघांत बोललात तेव्हा माफीही एकट्यात मागून भागणार नाही, पण सुरुवात तिथून करा. "मार्कांचं नंतर बघू, भाषेवरून बोललो ते चुकलं," एवढं म्हणा. "तू लहान आहेस" किंवा "तुझ्या भल्यासाठी" हे त्याला जोडू नका, म्हणजे सगळं मुसळ केरात. तो गप्प बसला तर बसू द्या. बहीण चहा टाकेलच. मग त्याला विचारा, 'कांतारा'त तुला नेमकं कुठं काटा आला? आणि ऐका. त्याच्याच फोनवर तो दाखवेल कदाचित.

त्या दोघांनी खोलीत भाच्याला घ्यायला नकार दिला तर? मग तुम्हाला निवड करावी लागेल, आणि ती मी तुमच्यासाठी करणार नाही. एवढंच सांगते, की खोली मागवाल्या मित्राची आहे आणि प्रोजेक्टर तुमचा. वर्गणी सगळ्यांची सारखी असेल तर बाहेर काढायचा हक्क कुणा एकट्याचा नाही. बहुतेक वेळा असे लोक दोन शनिवार येत नाहीत, तिसऱ्याला गिरमिटाच्या वेळी दारात उभे असतात.

तो परत आला की पुढचा सिनेमा त्याला निवडू द्या. मला विचाराल तर त्यानं 'घटश्राद्ध' निवडावा, कारण तिथं तुमची गंमत होईल. तो संथ आहे, काळापांढरा आहे, आणि कानडी आहे. "हालत नाही" म्हणणारा भाचा आणि "कानडी" म्हणून नाक मुरडणारे तुमचे दोस्त, दोघांचीही पंचाईत एकाच रात्री. तो नाही म्हणाला आणि 'केजीएफ' लावला, तरी पुरा बघा, जेवण आधी उरकून.

आणि त्याच रात्री, चिठ्ठ्या टाकायच्या आधी, वही उघडून 'संत तुकाराम'चं पान काढा. शांतारामबापूंचं नाव पेनानं खोडा, त्यावर दामले-फत्तेलाल लिहा. अक्षर भाच्याचं असू दे, तुमच्यापेक्षा बरं असेल.